पाण्याला थांबायला जागा

सांताक्रूझ आणि विलेपार्ले यांच्या मधोमध, पश्चिम रेल्वेच्या रुळांखालून मिलन सबवे जातो. पावसाळ्यात तिथे पाणी तुंबलं की पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी वाहतूक ठप्प होते, हे उपनगरात राहणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी महापालिकेने शेजारच्या मैदानाखाली पावसाच्या पाण्यासाठी एक मोठी टाकी बांधली. सबवेत जमू लागलेलं पाणी पंपाने टाकीत ओढायचं आणि पाऊस व भरती ओसरली की नाल्यात सोडून द्यायचं, अशी ती योजना. दादर-परळच्या हिंदमाता परिसरातही त्याआधी अशाच भूमिगत टाक्या झाल्या.

मिलनच्या टाकीत सुमारे २ कोटी लिटर पाणी मावतं. हा आकडा मोठा की लहान, हे कळायला तो पावसाच्या मापात बसवून पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. या हिशेबाने ४० हेक्टर फरसबंद जमिनीवर ५० मिलिमीटर पाऊस झाला, की टाकी काठोकाठ भरली. उपनगरात तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडणं आता नवलाचं राहिलेलं नाही. महापालिकेच्या मोठ्या उदंचन केंद्रातला एक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी समुद्राकडे फेकतो. एवढी टाकी रिकामी करायला त्याला तासभरही लागत नाही.

मग जेमतेम तासाभराच्या पाण्यासाठी एवढं खोदकाम का? कारण पुराच्या गणितात तोच एक तास महत्त्वाचा असतो. दादरच्या किंवा घाटकोपरच्या पुलावर दिवसभरात लाखो माणसं ये-जा करतात आणि जिना पुरतो. पण दोन गाड्या एकाच वेळी दोन फलाटांवर लागल्या, तर तोच जिना पाच मिनिटं जीवघेणा होतो. माणसं तेवढीच आहेत. निम्म्यांना फलाटावर थांबायला जागा मिळाली, तर जिना पुरून उरतो. नदीचं आणि नाल्याचं तसंच आहे. पूर बहुधा एकूण पाण्यामुळे येत नाही. सगळं पाणी एकदम आल्यामुळे येतो. येणाऱ्या पाण्यापैकी शेंड्याचा भाग दोन-चार तास बाजूला धरून ठेवता आला, तर तीच नदी, तोच नाला आणि तोच पूल उरलेलं पाणी निभावून नेतात. शहरातल्या पावसाळी पाण्याच्या व्यवस्थापनातलं जवळजवळ सगळं शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरतं. पाण्याला वाट द्यायची, एवढंच आपण शिकलो. त्याला थांबायला जागा द्यायची, हे विसरलो.

उपनगरांचा भूगोल पाहिला, की ही जागा इथे किती गरजेची आहे ते कळतं. बोरिवली स्टेशनवर उभं राहिलं तर पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात, साडेचारशे मीटरपर्यंत चढलेले. पश्चिमेला काही किलोमीटरवर खाडी. दहिसर नदी डोंगरातून निघून खाडीला मिळेपर्यंत १२ किलोमीटरच्या आसपास वाहते. पोयसर आणि ओशिवरा त्याहून आखूड. विहार आणि पवईच्या सांडव्यांवरून येणारी मिठी सगळ्यांत लांब, तीही सुमारे १८ किलोमीटर. पूर्वेला मुलुंड, भांडुप, घाटकोपरचे नाले डोंगराच्या दुसऱ्या उतारावरून ठाणे खाडीकडे धावतात. त्यांची धाव तर अगदीच छोटी. गोदावरीला किंवा कृष्णेला पूर येतो तेव्हा खालच्या गावांना एक-दोन दिवस आधी सांगता येतं. इथे डोंगरावर ढग फुटला, की तास-दोन तासांत पाणी वस्तीत पोहोचतं.

त्यात शहराने पाण्याच्या वाटेवर आडवे बांध घातले. पाणी पूर्व-पश्चिम वाहतं, पण शहर दक्षिणोत्तर वाढलं. पश्चिमेकडे द्रुतगती महामार्ग, रेल्वे, स्वामी विवेकानंद मार्ग आणि लिंक रोड, पूर्वेकडे मध्य रेल्वे, लालबहादूर शास्त्री मार्ग आणि पूर्व द्रुतगती महामार्ग. प्रत्येक जण नदीनाल्यांना आडवा जातो आणि प्रत्येकाखालून पाण्याला एका मोरीतून किंवा पुलाखालून वाकून जावं लागतं. अंधेरी सबवे हे याचं ठळक उदाहरण. रुळांखाली रस्ता खोल उतरतो, जवळून मोगरा नाला जातो, आणि जोराचा पाऊस सुरू झाला की वाहतूक पोलीस सबवेच्या तोंडाशी अडथळे लावून उभे राहतात.

शेवटचा बांध समुद्राचा. बृहन्मुंबईच्या पर्जन्यजल वाहिन्या समुद्राला किंवा खाडीला मिळतात अशी १८६ पातमुखं मोजली गेली आहेत. त्यांतली ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत. १३५ त्या पातळीच्या वर, पण भरतीच्या पातळीखाली. भरतीतही मोकळी राहतात अशी फक्त ६. म्हणजे दिवसातून दोन वेळा, काही तास, शहराचा जवळजवळ सगळा निचरा बंद असतो. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते, त्या याचसाठी. जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आणि तेही ओहोटीच्या वेळचं गृहीत धरून आखलेल्या होत्या. त्या हिशेबात निम्मं पाणी जमिनीत मुरेल असंही धरलेलं होतं, कारण त्या काळी मुरायला जमीन होती. १९८५च्या पुरानंतर झालेल्या अभ्यासातून १९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल आला. त्याने क्षमता दुप्पट, म्हणजे तासाला ५० मिलिमीटर करायला सांगितली. मुरण्याची आशा सोडून सगळं पाणी वाहून येणार असं धरायला सांगितलं आणि आठ उदंचन केंद्रं सुचवली. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला आणि गझधरबंध ही सहा उभी राहिली. अंधेरी-जोगेश्वरीसाठीचं मोगरा आणि पूर्वेचं माहुल ही दोन वर्षानुवर्षं रखडली. अंधेरी सबवेत दर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून जाणाऱ्या माणसाने मोगरा हे नाव लक्षात ठेवावं.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटर. एवढा पाऊस कोणत्याही वाहिनीत मावला नसता, हे खरं. पण नुसतं तेवढं म्हणून सुटता येत नाही. जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीचा अहवाल मार्च २००६मध्ये आला. मिठीची वाट कुठे कशी आवळली गेली, हे त्यात तपशिलात आलं. विमानतळाच्या धावपट्टीपाशी नदीला काटकोनात वळणं दिलेली, पुलांच्या कमानी अपुऱ्या, पात्रात वस्त्या आणि गोदामं, आणि मुखाशी वांद्रे-कुर्ला संकुलाचा भराव. १९७७ साली या संकुलासाठी नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं, तोवर तिथे मिठीच्या दोन्ही काठांना खाजण आणि तिवरांची दलदल होती. भरती आणि डोंगराचं पाणी एकाच वेळी आलं, की नदी तिथे पसरायची. २६ जुलैच्या त्या पुरात मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली. कुर्ला, कलिना, वाकोला इथल्या घरांच्या भिंतींवर पाण्याच्या रेघा कितीतरी वर्षं दिसत होत्या.

हे शहर पाण्याला थांबवायचं कसं, हे मुळात जाणत होतं. साष्टी बेटावरच्या आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन शेतकऱ्यांनी खाडीकाठी खारबांध घातले. बांधाच्या आत भात, बाहेर तिवर. बांधाला एक उघाडी असायची: दाराची लाकडी फळी, वरच्या कडेला टांगलेली, फक्त खाडीच्या दिशेने उघडणारी. ओहोटीला शेतातलं पाणी आतून फळीला ढकलतं आणि ती उघडते. भरतीचं पाणी बाहेरून दाब देतं आणि ती आपोआप बंद होते. ना वीज, ना माणूस. फळी बंद असते ते चार-पाच तास पावसाचं पाणी भाताच्या खाचरांत उभं राहतं, आणि भाताला त्याचं काहीच वाटत नाही. आजच्या पातमुखांवर बसवलेल्या लोखंडी झडपा याच तत्त्वावर चालतात. झडप राहिली, तिच्या मागची खाचरं गेली. झडप बंद असताना पाण्याने थांबायचं कुठे, याचं उत्तर मग रस्ता, तळमजला आणि रिक्षाची सीट हे झालं.

मिठागरांचं तसंच. मीठ पिकवायचा हंगाम पाऊस संपल्यानंतरचा, उन्हाळा अखेरपर्यंतचा. म्हणजे शहराला पाणी ठेवायला जागा लागते, नेमक्या त्याच चार महिन्यांत मिठागराला काम नसतं. सपाट जमीन, चारी बाजूंनी मातीचे कमी उंचीचे बांध, आत लहान-मोठे चौकोन. पूरनियंत्रणासाठी कोणी अभियंत्याने आखलं असतं, तरी फार वेगळं केलं नसतं.

आता तलाव. लोकांना वाटतं, पवई, विहार, तुळशी असे तीन तलाव डोंगराच्या पायथ्याशी आहेत, म्हणजे पूर अडवायची सोय झालीच. दरवर्षी ‘पवई तलाव भरून वाहू लागला’ ही बातमी आनंदाने छापली जाते. विहार आणि तुळशीच्या बाबतीत तो आनंद समजण्यासारखा आहे. ते पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत. पण पुराच्या बाजूने पाहिलं तर भरलेला तलाव जवळजवळ निकामी असतो. पूर अडवणाऱ्या तळ्याची किंमत त्याच्यातल्या पाण्यात नसते. ती त्याच्या रिकामेपणात असते. पवई जून-जुलैतच भरतो. त्यानंतर पाणलोटातला प्रत्येक थेंब जसा आला तसा सांडव्यावरून मिठीत जातो. अगदी जसाच्या तसा नाही. सांडव्याच्या माथ्यावर पाणी हातभर चढतं आणि तेवढ्या काळापुरती थोडी धार कमी होते. पण ते पुरेसं नाही.

महापालिकेच्या नोंदींप्रमाणे पवई तलावाची क्षमता ५४५ कोटी लिटर, पाण्याचं क्षेत्र २.२३ चौरस किलोमीटर आणि पाणलोट ६.६१ चौरस किलोमीटर. पावसाळाभर हा तलाव सांडव्यापासून एक मीटर खाली ठेवला, तर २२३ कोटी लिटरची जागा मोकळी राहते. त्याच्या पाणलोटावर पडलेल्या ३३७ मिलिमीटर पावसाएवढी ही जागा आहे. मिलनच्या शंभराहून अधिक टाक्यांएवढी. पवईचं पाणी पिण्यासाठी वापरलं जात नाही, त्यामुळे तहानेचा प्रश्नही येत नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. हवामान खात्याचा लाल इशारा आला की तलाव मीटरभर खाली उतरवू, असं करता येत नाही. २४ तासांत तेवढं पाणी काढायचं म्हणजे सेकंदाला २६ हजार लिटर, चार मोठ्या पंपांचं काम, आणि ते सगळं पाणी मिठीतच सोडायचं. पूर येणार म्हणून आपणच पूर आणल्यासारखं होईल. त्यामुळे तलाव हंगामभर खाली ठेवायला हवा. त्यासाठी तळाशी विसर्गाची चांगली व्यवस्था हवी, गाळ काढलेला हवा आणि जलपर्णी आटोक्यात हवी. विहारच्या बाबतीत हिशेब आणखी नाजूक, कारण ते पाणी आपण पितो. पण विहार आणि तुळशी मिळून मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जेमतेम तीन टक्के वाटा देतात, बाकीचं पाणी वैतरणा-भातसाच्या धरणांतून येतं. विहारचं जादा पाणी मिठीत सोडण्याऐवजी भांडुप संकुलातल्या जलशुद्धीकरण केंद्राकडे नेण्याची कल्पना महापालिकेनेच पुढे आणली आहे. मला ती नदीकाठच्या सगळ्या भिंती आणि पात्राच्या खोलीकरणापेक्षा शहाणपणाची वाटते, कारण एकाच पाण्याने तहान भागते आणि कुर्ल्याचा भारही हलका होतो.

नद्यांवर आपण २००५नंतर केलं ते मुख्यतः रुंदीकरण, खोलीकरण आणि दोन्ही काठांना काँक्रीटच्या संरक्षक भिंती. रुंदीकरण हवंच होतं. अतिक्रमणाने आवळलेलं पात्र मोकळं करायलाच हवं. भिंतींबद्दल मात्र मला तेवढी खात्री नाही. गुळगुळीत भिंतींमध्ये पाणी वेगाने धावतं. वरच्या वस्तीतला पूर लवकर ओसरतो आणि खालच्या वस्तीत तो अधिक उंच होऊन, आधी पोहोचतो. शिवाय भिंतीमागच्या गल्लीत पडलेलं पाणी नदीत उतरू शकत नाही; भिंतीत ठेवलेली भोकं गाळाने किंवा प्लास्टिकने बुजली की गल्लीचंच तळं होतं. बोरिवलीत दहिसर नदीच्या काठाने दौलतनगरकडून चालत गेलं, तर एका बाजूला उंच भिंत आणि दुसऱ्या बाजूला रस्त्यापेक्षा खाली गेलेले जुन्या इमारतींचे तळमजले दिसतात. रस्त्यावर दर वेळी नवा थर चढतो, इमारत तिथेच राहते.

जपानमधल्या योकोहामा शहरातून त्सुरुमी नावाची नदी जाते. ती मिठीपेक्षा मोठी, ४२ किलोमीटरची, पण दुखणं ओळखीचं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिच्या खोऱ्याचा दहावा हिस्सा शहरी होता, आता सुमारे ८५ टक्के आहे. त्यांनी नदीकाठच्या सखल भागात ३९० कोटी लिटर मावेल एवढं धारणक्षेत्र आखलं आणि २००३ साली ते सुरू केलं. नदीचा काठ एके ठिकाणी मुद्दाम कमी उंचीचा ठेवला आहे. पाणी धोक्याच्या पातळीला चढलं, की त्या बुटक्या काठावरून आपोआप आत उतरतं. नदी ओसरली की खालची दारं उघडून ते परत सोडतात. एरवी तिथे बाग आणि मैदानं असतात. त्या क्षेत्राच्या आत एक मोठं स्टेडियम खांबांवर उभं आहे. १२ ऑक्टोबर २०१९ला हगिबिस हे चक्रीवादळ जपानवर आदळलं आणि नव्वद कोटी लिटरहून अधिक पाणी त्या धारणक्षेत्रात उतरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, खाली पाणी असताना, वर रग्बी विश्वचषकाचा जपान विरुद्ध स्कॉटलंड हा सामना झाला.

मला त्या सामन्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्याच खोऱ्यात शाळांच्या पटांगणांत, वसाहतींच्या कोपऱ्यांत हजारो लहान धारण तळी आहेत. ठरावीक आकारापेक्षा मोठं बांधकाम करायचं, तर आपल्या जागेतलं पाणी आपणच धरायचं, असा तिथे कायदा आहे. आपल्याकडे मोठ्या इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. पण ते पाणी साठवून वापरण्यासाठी आहे, आणि भरलेली टाकी पुराच्या वेळी उपयोगाची नसते. वापराची टाकी भरलेली हवी, पुराची रिकामी. दोन्ही एकाच टाकीत बसवायचं तर वरचा निम्मा भाग कायम मोकळा ठेवायला लागतो. हा साधा फरक बांधकामाच्या नियमांत शिरला, तर अंधेरी-मुलुंडच्या पुनर्विकासातल्या प्रत्येक टॉवरखाली शहराला थोडी जागा मिळेल.

जागा किती लागेल? एक चौरस किलोमीटर वस्ती घ्या, सगळी फरसबंद. भरतीमुळे पातमुखं चार तास बंद आहेत आणि तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडतो आहे. चार तासांत शंभर मिलिमीटर, म्हणजे १० कोटी लिटर. अडीच मीटर खोल खणलेल्या चार हेक्टर जागेत हे पाणी मावतं. शंभर हेक्टरांत चार हेक्टर, साधारण दोन क्रिकेट मैदानं. उपनगरांच्या विकास आराखड्यात मैदानांसाठी आणि उद्यानांसाठी आरक्षणं आहेतच. मैदान भोवतालच्या रस्त्यापेक्षा अडीच मीटर खाली घ्यायचं, बाजूने पायऱ्या करायच्या, तळाला निचऱ्याची वाहिनी आणि वर सांडवा ठेवायचा. आठ महिने त्यावर खेळता येईल. पावसाळ्यातही बहुतेक दिवस ते मोकळं असेल, कारण शेंड्याचं पाणी येतं ते वर्षातून मोजक्या वेळा. मैदानाखाली काँक्रीटची टाकी बांधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे. यातली खरी अडचण अशी की उपनगरांत मैदानं आधीच तुटपुंजी आहेत, आणि मैदान खणायचं म्हटलं की ते कायमचं जाईल ही भीती लोकांना वाटते. ती भीती अनुभवातून आलेली आहे, आणि ती दूर करायची जबाबदारी योजना आणणाऱ्यांची आहे.

अशा खोलगट जागेत पाणथळ वनस्पती वाढवल्या, तर पाणी स्वच्छ होण्याचं कामही होतं. आधी एक खोल गाळकुंड, जिथे डोंगरावरची माती आणि रस्त्यावरची वाळू खाली बसते. पुढे उथळ पाणी, त्यात पाणकणीस, लव्हाळे, नागरमोथा. त्यांच्या मुळांभोवतीचे जिवाणू मैला खातात. शेवटी एक अरुंद तोंड, जे पाणी किती वेगाने बाहेर पडेल ते ठरवतं. तोंड किती अरुंद असावं यातच खरं कौशल्य आहे. फार रुंद केलं तर पाणी थांबत नाही. फार अरुंद केलं तर तळं वेळेत रिकामं होत नाही आणि पाठोपाठ आलेल्या दुसऱ्या सरीला जागा उरत नाही. शिवाय डास आहेत. अंड्यातून पूर्ण वाढलेला डास बाहेर पडायला आपल्या हवेत आठवडाभर पुरतो, म्हणून पूरतळ्यातलं पाणी दोन-तीन दिवसांत निघून जायलाच हवं. कायम पाणी राहणाऱ्या भागात गप्पी मासे हवेत.

पण या सगळ्याआधी सांडपाण्याचा प्रश्न सोडवावा लागतो. मिठी, ओशिवरा, पोयसर या नद्यांत डिसेंबर-जानेवारीत जे वाहतं, त्यात पावसाचा थेंब नसतो. ते घराघरांतलं आणि कारखान्यांतलं सांडपाणी असतं, आणि ते वेगळं काढल्याशिवाय नदीकाठी केलेलं कोणतंही तळं दुर्गंधीचं डबकं होईल. जोगेश्वरीचा श्यामनगर तलाव, भांडुपचा शिवाजी तलाव असे जुने तलाव अजून टिकून आहेत. पण त्यांच्याकडे आपण विसर्जनाची आणि सुशोभीकरणाची जागा म्हणून पाहतो. काठाला ग्रॅनाइट आणि दिवे लागले. भोवतालच्या गल्ल्यांतलं पावसाचं पाणी तलावात उतरायची जुनी वाट आहे की बुजली, हे क्वचितच कुणी तपासतं. तिथल्या कामाची निविदा निघेल, तेव्हा पहिला प्रश्न हा असायला हवा.

पूर्व उपनगरांकडे वळू, कारण तिथे अजून बरंच शिल्लक आहे. भांडुप उदंचन केंद्राकडून खाडीच्या दिशेने गेलं, की थोड्याच अंतरावर शहर संपतं. ओहोटीच्या वेळी तिवरांच्या बुंध्यांभोवती चिखलातून वर आलेली बोटाएवढी श्वासमुळं दिसतात, हजारो, दाटीवाटीने. वाहून आलेला गाळ त्यांच्यात अडकतो आणि पाण्याचा जोर मंदावतो. हिवाळ्यात पलीकडच्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे थवे असतात. ठाणे खाडीच्या या भागाला २०१५मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि २०२२मध्ये अभयारण्यासह ६,५२१ हेक्टरचं क्षेत्र रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये आलं. दक्षिणेला विक्रोळीत गोदरेजच्या ताब्यातलं मोठं कांदळवन आहे. ऑक्टोबर २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनं तोडण्यास मनाई केली. ती झाली नसती, तर यातलं किती उरलं असतं याचा अंदाज वांद्रे-कुर्ला संकुलाकडे पाहून येतो.

तिवरांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण त्यांच्या बाजूने बोलताना ती अनेकदा सुटते. भरतीच्या वेळी तिवर आधीच समुद्राच्या पाण्यात उभे असतात, त्यामुळे डोंगरावरून आलेलं पाणी साठवायला तिथे फार जागा नसते. तिवर लाटांचा मार झेलतात, गाळ धरतात आणि खाडीचं मुख रुंद ठेवतात, त्यामुळे नाल्याच्या तोंडाशी पाणी कमी चढतं. पाणी साठवायचं काम त्यांच्या मागच्या जमिनीचं: खाजणं, मिठागरं, पडीक खाचरं. तिवर वाचवून मागची जमीन भरली, तर निम्मं कामच वाचलेलं असतं.

आणि कायद्याचं संरक्षण नेमकं तिथे तोकडं पडतं. केंद्र सरकारच्या २०१७च्या पाणथळ जागांच्या नियमांत भातखाचरं आणि मिठागरं पाणथळ जागांच्या व्याख्येतून वगळली आहेत. २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड इथली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी द्यायला मंजुरी दिली. धारावीतल्या माणसाला पक्कं घर मिळायला हवं, याबद्दल वाद नाही. पण ते घर जिथे उभं राहणार, त्या जमिनीचं आजचं काम काय, हे मोजायला हवं.

मोजमाप अवघड नाही. २५६ एकरांवर फूटभर पाणी धरलं, तर ते ३१ कोटी लिटर भरतं, मिलनच्या पंधरा टाक्यांएवढं. त्यातल्या काही चौकोनांचे बांध फुटलेले आहेत आणि तिथे भरतीचं पाणी आधीच शिरतं, म्हणून प्रत्यक्षातली जागा याहून कमी असेल. बांध दुरुस्त करून उघाड्या बसवल्या, तर ती वाढेलही. वरच्या बाजूला मुलुंड, भांडुप, नाहूर, कांजूरची दाट वस्ती आहे. डोंगराचं पाणी मध्य रेल्वेच्या आणि महामार्गाच्या मोऱ्यांतून वाकून याच पट्ट्यात उतरतं. त्यावर भराव टाकून जमीन उंच केली, तर भरतीच्या चार तासांत ते पाणी महामार्गाच्या वरच्या बाजूला थांबेल, कारण दुसरीकडे जायला त्याला वाट नाही. त्यामुळे पहिला डंपर रिकामा होण्याआधी त्या पाण्याची पर्यायी जागा विकास आराखड्याच्या नकाशावर आखलेली दिसायला हवी: कोणत्या वॉर्डात, किती हेक्टर, किती खोल, आणि दरवर्षी मे महिन्यात तिचा गाळ काढायची जबाबदारी कोणत्या खात्याची.